पुकारा इथवर येत नाही

मी बाकडं बोलतंय, तालुक्याच्या एका कोर्टातलं. कोर्ट कुठलं ते विचारू नका. बाकड्यानं आपल्या कोर्टाची चहाडी करू नये, एवढा कायदा मलाही कळतो.

माझा जन्मच खटल्यातला. डोळखांबच्या रानात कुणी चोरून साग तोडला, लाकूड पकडलं गेलं आणि मुद्देमाल म्हणून आठ वर्षं कोर्टामागे उन्हापावसात पडून राहिलं. निकाल लागेपर्यंत चोर म्हातारा झाला. मग लिलाव, मग सुतार, मग मी. व्हरांड्यात ठेवलं तेव्हा वाटलं, चला, आता थकलेली माणसं आपल्यावर टेकतील.

टेकले ते बहुतेक गाडीतून आलेले. पाड्यावरचा माणूस बसतच नाही. मी रिकामं असलं तरी तो भिंतीला उभा राहतो, नाहीतर बाहेर झाडाखाली जातो. त्याला कुणी हाकलत नाही. हाकलायची वेळच येऊ दिलेली नाही, आणि याचाच मला राग आहे.

धोंडीबाई त्यांतलीच. तिच्या नाचणीच्या वरकस, डोंगरउताराच्या जमिनीला एका फार्महाऊसवाल्यानं तारेचं कुंपण घातलं आणि अर्धी जमीन आत घेतली. तिनं दावा लावला. सरकारकडून मोफत वकील मिळाल्या, भाग्यश्रीबाई. कामाला चोख, पण एकट्या; कधी इथे, कधी मुरबाडला. दर तारखेला धोंडीबाई पहिली एसटी धरून यायची, पायरीवर चपला काढायची आणि आवारातल्या जांभळीखाली जाऊन बसायची.

चार वर्षांत फार्महाऊसवाला एकदाही आला नाही. त्याचा वकील माझ्यावर बसून अर्ज लिहायचा. अशील परदेशी आहेत, अशील आजारी आहेत. पुढची तारीख मिळायची.

गेल्या पौषात भाग्यश्रीबाई मुरबाडला अडकल्या. लाइट गेले होते, झेरॉक्सवाल्याचा जनरेटर धडधडत होता. दामू शिपायानं दारातून तीनदा पुकारा केला, "धोंडीबाई लडकू, हाजीर!" समोरचा वकील माझ्यावरून उठला. त्यानं जांभळीकडे बघितलं, ती बसलेली त्याला दिसली. काही न बोलता तो आत गेला. धोंडीबाई गैरहजर म्हणून दावा काढून टाकला.

दुपार उलटल्यावर तिनं दामूला विचारलं, "दादा, माजं नाव कवा घेशील?"

"मावशी, तुमचा दावा सकाळीच निघाला. तुमी नव्हता."

"मी नव्हती? सकाळपासून इथंच हाय रे! त्या बघ माज्या चपला पायरीवर."

दामूनं चपलांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दावा परत सुरू करा म्हणून भाग्यश्रीबाईंनी अर्ज दिला. समोरचा वकील म्हणाला, "बाई हजर होत्या याला पुरावा काय?" मी दारापासून पाच पावलांवर होतं. सगळं पाहिलं होतं. पण बाकड्याची साक्ष कोण घेतो? फार थकवा आला त्या दिवशी.

पुढे व्हरांड्यात स्टीलच्या खुर्च्या आल्या. माझा एक पाय मोडलेला. त्याखाली वीट लावून मला जांभळीखाली आणून ठेवलं.

आज त्या अर्जाची तारीख आहे. अर्ज गेला की कुंपणातली जमीनही गेलीच. भाग्यश्रीबाईंनी फोनवर बजावलं होतं, "मावशी, मी पोचते. तुम्ही आज वरच बसा, खुर्चीवर." धोंडीबाईनं हो म्हटलं. पायरीवर चपला काढल्या, वर जाऊन त्या चकचकीत खुर्च्यांकडे बघितलं आणि परत खाली आली. आता माझ्या शेजारी जमिनीवर बसली आहे, माझ्या धडक्या पायाला पाठ लावून. भाग्यश्रीबाई अजून आलेल्या नाहीत.

दामू दारात आलाय. त्याचे ओठ हलताना दिसतात. एकदा. दोनदा. इतकी वर्षं मी दाराशी होतं, मला वाटायचं, ही बाई नीट कान देत नाही. इथून खरंच काही ऐकू येत नाही हो.

दामू, बाबा रे, तिसऱ्यांदा ओरडण्याआधी चार पायऱ्या खाली उतर. ती इथेच आहे.