लाल कुठे संपतो

इर्मा व्होलकने कॅनव्हासची खालची कड बोटभर आत दुमडली आणि खिळ्यांनी पक्की केली. सही आणि तिच्याशेजारचा १९५१ हा आकडा पाठीमागे गेला. मग ती चार पावलं मागे सरकली.

"ओळखेल तो," सॉल गिटेलमन म्हणाला. तो शिल्पकार होता, खालच्या मजल्यावर लोखंड जोडायचा. आज बिअरची बाटली घेऊन साक्षीदार म्हणून वर आला होता.

"नाही ओळखणार. अकरा वर्षांत हजारो चित्रं बघितलीत त्याने. आणि या चित्रापुढे तर तो चार मिनिटंसुद्धा उभा राहिला नव्हता."

चित्र नऊ फूट रुंद होतं. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. दोन्ही रंग टर्पेंटाइनने पातळ करून कोऱ्या कापडात मुरवलेले, दोन्ही सारख्याच गडदपणाचे. आकार नव्हता, रेघ नव्हती. जे काही होतं ते दोन रंग भेटत होते त्या वाकड्यातिकड्या शिवेवर होतं. तिथे नजर ठरत नसे.

एप्रनच्या खिशात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. ते बाहेर काढायची तिला गरज नव्हती. 'इकडून तिकडे एकच माती. इथे काही घडत नाही.' समीक्षक लेलंड पार्मेंटरने याच चित्राबद्दल लिहिलेल्या या दोन वाक्यांनंतर गॅलरीने तिची सगळी चित्रं परत पाठवली होती. तेव्हापासून दंतवैद्यकाच्या पुस्तकांसाठी दाढांच्या आकृत्या काढून ती पोट भरत होती. त्याच लेखात, पुढच्याच परिच्छेदात, रॉइस टॅलबर्ट या होतकरू तरुणाची तोंडभर स्तुती होती. त्याआधी महिनाभर रॉइस रोज इर्माच्या स्टुडिओत येऊन बसायचा आणि ती कापडात रंग कसा मुरवते ते बघायचा. आता त्याची चित्रं संग्रहालयांत लागली होती. ही पद्धत आपल्याला स्वप्नात सुचली, असं तो मुलाखतींत सांगायचा.

वसंतातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी पार्मेंटर न्यूयॉर्कभर फिरून चित्रं निवडत होता. मुरवलेल्या रंगाला आता चलती होती, त्यामुळे तो स्तुती करणार यात इर्माला शंका नव्हती. त्याची स्तुती करून झाली की ती कात्रण वाचून दाखवणार होती, आणि सॉल ते संध्याकाळी चित्रकारांच्या बारमध्ये सांगणार होता. मग प्रदर्शनात तिला जागा मिळणार नव्हती. ते तिने केव्हाच मान्य केलं होतं.

तीनच्या सुमाराला जिन्यात धापा ऐकू आल्या.

"आले लाटसाहेब," सॉल पुटपुटला.

पार्मेंटर एकटाच होता. त्याची बायको विनी मार्चमध्ये वारली. तोवर ती प्रत्येक स्टुडिओत त्याच्यासोबत यायची, त्याची डावी बाही धरून उभी राहायची आणि अधूनमधून काहीतरी कुजबुजायची. जेवायला काय करू म्हणून विचारत असेल, अशी चित्रकार तिची थट्टा करायचे.

"तुमचे जिने माणसाचा अहंकार उतरवतात, मिस व्होलक."

"सगळ्यांचा नाही उतरत," इर्मा म्हणाली.

सॉल बाटलीआड हसला. पार्मेंटरने टोपी काढली आणि काठी टेकत चित्रासमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ त्याने काही हालचाल केली नाही. इर्माचा हात खिशातल्या कात्रणावर होता.

"मी खोटं बोलून तुम्हाला काय फायदा?" तो शेवटी म्हणाला. "एकच रंग आहे हा. इकडून तिकडे माती. इथे..."

"काही घडत नाही."

"बरोबर." तिने स्वतःच कबूल केल्यामुळे त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

ती स्तुती ऐकायच्या तयारीने उभी होती. तोच अपमान, त्याच शब्दांत, दुसऱ्यांदा ऐकायची तिची तयारी नव्हती. पण तिला खटकलं ते वेगळंच. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता. किती वाजले ते सांगावं, तसं त्याने सांगितलं होतं.

"कोणता रंग?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"एकच आहे म्हणालात ना? मग कोणता?"

पार्मेंटरने मान डावीकडे वळवली आणि किंचित खाली झुकवली, कुणाचं तरी तोंड कानाशी पोहोचावं इतकी. तिथे कुणी नव्हतं. त्याने मान पुन्हा सरळ केली.

इर्माने खिशातून हात काढला. एकावन्न सालीही तो एकटाच आला होता. विनी तेव्हा आजारी आईपाशी बोस्टनला होती. तिच्यासाठी आणलेला लिंबाचा केक इर्माने पुढे तीन दिवस एकटीने खाल्ला होता.

"बरं, लाल कुठे संपतो तेवढं दाखवा."

त्याने काठी उचलली. शिवेपासून चांगली तीन फूट अलीकडे, लाल रंगाच्या ऐन मध्यावर तिचं टोक नेलं आणि म्हणाला, "साधारण इथे." हात जरासुद्धा थरथरला नाही. त्या हाताने दाखवावं आणि गॅलऱ्यांनी तिकडे धावावं, असं वीस वर्षं चाललं होतं.

सॉलची बाटली ओठांपाशीच थांबली. "अरे देवा, याला तर..."

"सॉल."

पार्मेंटरने काठी खाली घेतली.

"विनीला ठाऊक होतं," तो म्हणाला. "जन्मापासूनचं आहे. लाल काय, हिरवा काय, मला दोन्ही सारखेच."

"एकावन्नमध्ये ती सोबत नव्हती. तुम्ही इथे एकटे आला होतात."

"इथे?" त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "आलो असेन."

त्याला आठवत नव्हतं. आंधळेपणा तिने कदाचित माफ केला असता, हे विसरणं नाही.

ती चालत त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि तिने त्याची बाही धरली.

"डावीकडे लाल आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "विटेचा नाही, डाळिंबाचा. उजवीकडे हिरवा. ओल्या शेवाळासारखा. काठी आणखी तीन फूट सरकवा. हां, तिथे. तिथे दोघं एकमेकांना ढकलताहेत आणि कुणीच हटत नाहीये."

पार्मेंटरने वही काढून लिहून घेतलं. "आणखी?"

"एवढंच आहे. बाकी तुम्ही लिहा, तुम्हाला छान लिहिता येतं."

तो टोमणा त्याच्या लक्षात आला की नाही, कळलं नाही. त्याने वही मिटली. "हे मोठ्या दालनात लागेल," तो म्हणाला, आणि मग तिच्याकडे न बघता, "उद्या दहाला रॉइसकडे जायचंय. बारा चित्रांतून तीन निवडायची आहेत. तुम्हाला... सोबत येता येईल?"

इर्माने त्याच्या बाहीवरची चुणी सारखी केली.

"येईन की."

त्याची पावलं खालच्या दारापर्यंत जाईस्तोवर सॉल कसाबसा थांबला.

"तुला वेड लागलंय का? हे आत्ता बारमध्ये सांगितलं तर सहाच्या आत अख्खं शहर हसेल त्याला!"

"कुणाला म्हणून सांगायचं नाही."

"अगं, अकरा वर्षं याचीच वाट बघत होतीस ना?"

"हसतील आणि त्याला घरी बसवतील. मग त्याच्या जागी रंग धड दिसणारा कुणीतरी आणतील." ती सिंकपाशी गेली आणि हात धुवायला लागली. "मला काय उपयोग त्याचा?"

सॉल तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"इर्मा, उद्या तिथे तू त्याला काय सांगणार आहेस?"

"विनी सांगायची तसंच. जे दिसेल ते." तिने नळ बंद केला. "काय रे, रॉइस हल्ली लाल वापरतो का?"

अर्धी भरलेली बाटली खिडकीत ठेवून सॉलने टोपी घेतली, आणि बाहेर पडताना दार आवाज होऊ न देता ओढून घेतलं.