नवऱ्याची तेरावी फ्रेम

मंगळवारी सकाळी माझा नवरा जीआयएफ झालेला होता. मी स्वयंपाकघरात आले तर प्रफुल्ल टेबलाशी बसून चहा पीत होता, आणि त्याच्या अंगाच्या कडेनं सगळीकडून एक बारीक पांढरी रेघ गेली होती.

ती रेघ मी ओळखते. वीस वर्षं मी वेबसाइटसाठी जीआयएफ, म्हणजे तेच तेच फिरत राहणारी हलती चित्रं करते. मिठाईवाल्यांच्या पानावर उड्या मारणारे लाडू, सराफांच्या पानावर लुकलुकणाऱ्या नथी, सांगलीतले निम्मे तरी माझ्या हातचे. कोणीतरी माणसाला पांढऱ्या कागदावर ठेवून कापतं आणि मग गडद पानावर नेऊन चिकटवतं, तेव्हा अशी रेघ राहते. शिकाऊ लोकांची चूक. आमचं स्वयंपाकघर गडद हिरवं आहे. म्हणजे कापणाऱ्यानं आमचं घर पाहिलेलं नव्हतं, किंवा पाहूनही त्याला काही पडलेली नव्हती.

"प्रफुल्ल, कोणी केलं हे?" मी विचारलं.

त्यानं कप उचलला, घोट घेतला, कप खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं, माझ्याकडे वळला, बोलायला तोंड उघडलं, आणि कप पुन्हा त्याच्या ओठांशी होता. मधलं काहीच नाही. मी चार वेळा मोजलं. बारा फ्रेम होत्या. तेराव्या फ्रेमला तो काहीतरी बोलणार होता, आणि तिथपासून पुढचं सगळं कोणीतरी काढून घेतलं होतं.

मला राग आला. माणूस बायकोला काही सांगायला तोंड उघडतो आणि ऐन तिथेच कात्री लागते? ज्याला ते मला कळू द्यायचं नाही, त्याचंच हे काम.

मी जवळ जाऊन पाहिलं. त्याच्या चॉकलेटी स्वेटरवर ठिपके पडले होते, दोन रंग शिंपडून तिसरा भासवलेला. जीआयएफमध्ये दोनशे छप्पन्नच रंग मावतात, आणि प्रफुल्लच्या नुसत्या कानांना चाळीस लागतात. सावली तर नव्हतीच. सावलीसारखं अर्धवट काही त्या प्रकारात राहत नाही, एक तर आहे नाही तर नाही. ओठांचे चौकोन झाले होते. ओठ काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आवाज बंद असला तरी माणूस काय बोलतोय ते मी ओठांवरून वाचते. पण या चौकोनांतून काय वाचणार, कपाळ!

सासूबाई आल्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं.

"आज कसा शहाण्यासारखा चहा पितोय," त्या म्हणाल्या.

"आई, तो अडकलाय."

"रोज तर पेपर पसरून बसतो. असू दे की असाच थोडा वेळ."

मी त्यांच्याकडेही नीट बघून घेतलं. त्यांना रेघ नव्हती. त्यांच्यावर माझा संशय नव्हता असं नाही, पण त्यांना साधा कॉम्प्युटर चालू करता येत नाही.

मी तडक ऑफिस गाठलं. आमच्याकडे चित्र करणारा एक असतो आणि ते बाहेर काढणारा दुसरा. करते मी. कुठल्या प्रकारात काढायचं, किती वजनात बसवायचं, हे तांबोळी ठरवतो. त्याच्या टेबलापर्यंतचा बोळ त्या दिवशी पाऊण किलोमीटर लांब होता. मी चपला हातात घेऊन चालले.

"तांबोळी, माझ्या नवऱ्याला तू कापलंस?"

"बसा ना वासंतीताई. चहा सांगू?"

"चहाचं नाव काढू नकोस."

त्यानं रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत वाचलं. "सोमवार. माणूस एक. बेचाळीस फ्रेम, पैकी बारा ठेवल्या. पांढऱ्यावर कापला. अर्ज त्यांचाच."

"त्यांचा म्हणजे कोणाचा?"

"तुमच्या मिस्टरांचा. स्वतः आले होते."

त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सही प्रफुल्लचीच होती, शेवटच्या फराट्यासकट.

"कशासाठी?"

"घर जड झालंय म्हणाले. उघडायला फार वेळ लागतो, तुम्ही दारात चिडून उभ्या राहता. वजन करून पाहिलं तर त्यांचंच सगळ्यात जास्त भरलं."

घर उशिरा उघडायचं हे खरं आहे. संध्याकाळी किल्ली फिरवली की आधी नुसते करडे चौकोन, मग सोफा वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी, आणि प्रफुल्ल सगळ्यात शेवटी. मी वैतागायचे, बोलायचेही. पण एवढ्यावरून कोणी स्वतःला कापून घेतं? तेही मला न सांगता, आणि नेमकं तोंड उघडल्यावर? कुठेतरी पाणी मुरत होतं. मला ते वाक्य हवं होतं, मग ते कितीही वाईट असो.

"मला तेरावी फ्रेम दाखव," मी म्हणाले.

"मूळ फाइल इथे चालत नाही. थर सुटे आहेत."

त्यानं लोखंडी कपाट उघडलं. प्रफुल्ल आत होता, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा. एका पापुद्र्यावर डोळे, एकावर ओठ, एकावर स्वेटरची बटणं. सावली वेगळी गुंडाळून ठेवली होती. मी ओठांचा पापुद्रा उजेडात धरला, पण चेहऱ्याशिवाय ओठांना काही अर्थ नव्हता. ते कोणाचेही ओठ होते.

"मग परत काढ. सगळ्या बेचाळीस फ्रेम. कशात काढायचा ते सांग."

तांबोळीनं घसा साफ केला. "जेपीजी हलत नाही. शिवाय मागचा पांढरा चौकोन बरोबर येतो, दारातून आत जाणार नाहीत ते."

"पुढे."

"व्हिडिओलाही चौकोन येतो. आणि एकदा संपला की संपला."

"पुढे बोल, तांबोळी."

"वेबपी चांगला. हलका, रंग राहतात, सावली राहते. पण जुन्या नजरेला दिसत नाही. तुमच्या सासूबाईंना खुर्ची रिकामी दिसेल."

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी विचार केला. मग नको म्हटलं.

"मग राहिला हलता पीएनजी. रंग सगळे, सावली मऊ, ओठ जसेच्या तसे." त्यानं कपाटातलं सगळं उचलून काट्यावर ठेवलं आणि मान हलवली. "घर उघडायचं नाही याच्यानं."

"घर मी हलकं करते."

"सहाच्या आत करा. सहाला मूळ फाइल आम्ही पुसतो."

तेव्हा अडीच वाजले होते. घरी येऊन मी आधी गॅलरीतल्या कुंड्या काढल्या. तांबोळीला फोन केला. जड आहे, तो म्हणाला. मी बाहेरची खोली काढली, सोफ्यासकट. मग जिन्याची एकाआड एक पायरी. मग भिंतीचा हिरवा रंग काढून तिथे कोराच ठेवला. फरशीवरची नक्षी काढली, खिडकीतला आंबा काढला, खिडकी राहू दिली. प्रत्येक वेळी फोन, आणि प्रत्येक वेळी जड. भिंती आता टेबलाला येऊन टेकल्या होत्या. सासूबाई त्यांच्या पलंगावर बसून बघत होत्या. पलंग माझ्या कोपराशी आला होता.

"किती काढतेस गं वासंती?" त्या म्हणाल्या. "त्याला एकदा विचार तरी."

"कसं विचारू, आई? उत्तर द्यायच्या आतच तो घोट घेतो."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी तांबोळीनं विचारलं, "काय काय राहिलंय आता?"

"टेबल. दोन खुर्च्या. पलंग. आई. प्रफुल्ल."

"आणि?"

मी आजूबाजूला पाहिलं. आजूबाजू फारशी उरलेली नव्हती.

"आणि मी."

फोनवर तो कागद चाळत होता. "तुमचं वजन मिस्टरांच्या बरोबरीचं आहे, ताई."

"मला किती फ्रेम देतोस?"

"एक."

"कशात?"

"एकच असेल तर जेपीजी. जागेवरून उठायचं नसेल तर चौकोनही अडत नाही."

मी प्रफुल्लकडे पाहिलं. कप, घोट, खिडकी, मी, तोंड. त्याची मला एकदम दया आली, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, की माझी दया यावी म्हणूनच त्यानं हे केलंय. एकदा ते ओठ वाचले की कळेल.

"माझी ती एक त्याच्या तेराव्या फ्रेमवर बसव," मी म्हणाले. "पहिल्या अक्षराला ओठ कसे आहेत ते दिसलं तरी मी पुढचं ओळखते. वीस वर्षं हेच केलंय."

"नक्की ना? नंतर बदलत नाही आम्ही."

"नक्की."

मी समोरच्या खुर्चीत बसले, ओढणी सारखी केली आणि चेहरा त्याच्याकडे केला. सासूबाईंनी पदरानं माझ्या गालावरची धूळ पुसली. कुंड्या हलवताना लागली असावी.

घर एका दमात उघडलं. इतकं लवकर ते कधीच उघडलेलं नव्हतं. प्रफुल्ल सगळ्या रंगांनिशी बसला होता, कानांसकट, आणि त्याची सावली टेबलावरून माझ्या हातापर्यंत आली होती. त्यानं घोट घेतला. कप ठेवला. खिडकीबाहेर पाहिलं, तिथे आता काही नव्हतं. माझ्याकडे वळला आणि तोंड उघडलं.

तेराव्या फ्रेममध्ये त्याचं तोंड मिटलेलं आहे. भुवया थोड्या वर आहेत. तो माझ्याकडे बघतोय आणि मी काय म्हणते त्याची वाट पाहतोय, आणि मला फ्रेम एकच आहे.