ऊब टिकेल असं घर

"दार उत्तरेला ठेवू नकोस, हे मी तुला मागच्या रविवारीही सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. मी ऐकलंही होतं," हेडफोनमधून बायकोचा आवाज आला. "ऐकायचं सगळं आणि करायचं आपल्या मनाचं. तुमच्या आईंकडूनच शिकले मी हे."

गेमच्या पडद्यावर तांबडा मफलर गुंडाळलेली तिची बाहुली बर्फातून तुरुतुरु चालत गेली आणि तिने उत्तरेच्याच भिंतीत दाराची चौकट उभी केली. वाऱ्याचा पांढरा लोट घरात शिरला. पडद्याच्या कोपऱ्यात ऊब मोजणारी एक पट्टी होती, ती बोटभर खाली सरकली. शेजारी उभा असलेला नवऱ्याचा बाहुला दात वाजवू लागला. गळका पाइप पाहिला की नवऱ्याच्या स्वतःच्या तोंडून 'च्च' असा एक आवाज आपोआप निघत असे. तो आत्ताही निघाला.

"चुकचुकू नका," ती म्हणाली. "घर माझं आहे."

लोकांची घरं उबदार ठेवणं हा त्याचा धंदा होता. गेली सात वर्षं तो या परक्या शहरात बॉयलर दुरुस्त करत होता. इथे हिवाळा पाच महिने मुक्काम ठोकून बसे. सकाळी आठला अर्धंमुर्धं उजाडे आणि दुपारी चारला, कुणी कंटाळून दिवा मालवावा तसा दिवस विझून जाई. मधल्या चतकोर उजेडात तो तळघरं, माळे आणि स्वयंपाकघरांचे कोपरे पालथे घाली. घर गार पडल्याखेरीज त्याला कुणी बोलावत नसे. ज्यांच्या घरी ऊब होती त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे या शहराचा चेहरा म्हणून त्याच्या मनात जो साठत गेला होता, तो नाकाचा शेंडा लाल झालेला, अंगावर घोंगडी पांघरून दार उघडणारा आणि नमस्काराच्या जागी "आत्ता येताय?" म्हणणारा असा एकच चेहरा होता.

गेम त्याच्या खोलीतल्या जोडीदाराचा होता. जोडीदार त्याच्यासारखाच दूरचा, बस चालवणारा, वयाने दहा वर्षांनी लहान. ड्रायव्हर हीच त्याची ओळख. एका निर्मनुष्य, गोठलेल्या खोऱ्यात दोघांनी उतरायचं, लाकडं तोडायची, घर बांधायचं आणि हिवाळा काढायचा, एवढाच तो खेळ. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने विचारलं होतं, "काय दादा, कसा वाटला?"

"बर्फ खोटा आहे."

"म्हणजे?"

"पडतो छान. पण तिसऱ्या दिवशी त्याचा काळा रेंदा होत नाही. कुणी घसरून कंबरडं मोडून घेत नाही. आणि शेगडी एका बटणात पेटते. ज्याने ती बनवली, त्याने आयुष्यात एकदाही शेगडी पेटवलेली नाही."

"अहो, खेळ आहे तो! तक्रार कुठे नोंदवताय?" ड्रायव्हर हसून हसून गादीवर आडवा झाला होता.

तरीही तो खेळत राहिला. कारण घरी, दोन खोल्यांत, त्याने पूर्वी पाठवलेला जुना लॅपटॉप उघडून त्याची बायकोही खेळू लागली होती. फोनवरचं त्यांचं बोलणं गेल्या काही वर्षांत आटत आटत तीन वाक्यांवर आलं होतं: जेवलात का, थंडी किती आहे, ठेवू का. खोऱ्यात उतरल्यावर मात्र ती बोले. ओंडके ओढता ओढता ती शेजारणीच्या नकला करी, ती नोकरीला होती त्या शाळेतल्या हेडक्लार्कला शिव्या घाली, मधेच थांबून म्हणे, "अहो, तो डोंगर बघा, कसा गप्प आहे. तुमच्यासारखा." त्याची रविवारची सकाळ आणि तिची दुपार त्या खोऱ्यात एकत्र येत. दोन महिन्यांत तिने तिथे एक घर उभं केलं, त्याच्या मते साफ चुकीचं.

आणि याच दोन महिन्यांत सात वर्षांची वाट संपून तिचा इकडे त्याच्याजवळ येऊन राहण्याचा परवाना मंजूर झाला होता. त्याची आई गेल्या वर्षी वारली होती. तिचं दुखणं, पथ्य, अंथरूण सगळं बायकोने एकटीने काढलं होतं. आता तिला तिकडे अडवणारं काही उरलं नव्हतं. कागदांवर तिची सही हवी होती आणि ते महिनाअखेरीच्या आत कचेरीत पोहोचायला हवे होते. मुदत टळली, तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज. तो दर रविवारी विचारी, "सही केलीस?" आणि ती म्हणे, "थांबा हो जरा. आधी थंडी कळू दे मला." तो याला गंमत समजत होता.

त्या आठवड्यात शहरावर असा बर्फ कोसळला, की दोन दिवस रस्तेच राहिले नाहीत. त्याची व्हॅन चाकाच्या वरपर्यंत गाडली गेली. सकाळी मुकादमाचा फोन आला.

"घरी बस."

"तक्रारी किती आहेत?"

"एक्केचाळीस. ऐकून काय करणार आहेस? उडत जाणार आहेस?"

"गल्लीतली दोन-तीन तरी चालत..."

"घरी बस म्हटलं ना! तू वाटेत गोठलास, तर तुला दुरुस्त करायला कुणाला पाठवू?"

तो खिडकीशी उभा राहिला. समोरच्या इमारतीच्या काचा आतून धुकटल्या होत्या. एक्केचाळीस घरं मिनिटामिनिटाने गार होत होती. कुठे पंप अडकला असेल, कुठे व्हॉल्व्ह, आणि बरेच बिघाड तर पान्याच्या दोन वेढ्यांचे असतील. त्याचे हात रिकामे होते आणि ते रिकामपण त्याला खांद्यापर्यंत दुखत होतं. खोलीत त्याने येरझारा घातल्या. गळत नसलेला नळ उघडून त्याचा वायसर बदलला. मग काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने गेम लावला आणि एकटाच खोऱ्यात उतरला.

तिचं घर समोर होतं. वारा थेट दारातून आत जात होता. शेगडी दाराला खेटून, म्हणजे सगळी ऊब बाहेर. तीन भिंतींत खिडक्या. छत विनाकारण उंच. सात वर्षांत त्याने अशी कितीतरी घरं पाहिली होती आणि प्रत्येक ठिकाणी मान हलवत परतला होता, कारण घर बदलण्याचा अधिकार बॉयलरवाल्याला नसतो. इथे मात्र अधिकार विचारणारं कुणी नव्हतं. त्याने कुऱ्हाड उचलली.

तीन तास तो खपला. भुकेची आठवण झाली नाही. दार दक्षिणेला नेलं, छत खाली घेतलं, खिडक्या बुजवल्या, भिंती दुहेरी केल्या, शेगडी बरोबर मध्यभागी आणली आणि धुराडं हातभर उंच केलं. शेवटची फळी बसली, तेव्हा कोपऱ्यातली पट्टी काठोकाठ भरली आणि तशीच राहिली. त्या दोन दिवसांत या शहरात त्याच्या हातून उबदार झालेलं ते एकमेव घर होतं. त्याने बायकोला निरोप धाडला: 'खोऱ्यात ये. आता ऊब टिकेल.'

ती शाळेतून परतल्यावर आली. इकडे अजून दुपार होती.

"अहो, मी दुसऱ्याच खोऱ्यात आले वाटतं."

"बरोबर आलीस. आत ये. पट्टी बघ, पट्टी!"

तांबडा मफलर घराभोवती एक संपूर्ण प्रदक्षिणा घालून आला.

"दार कुठंय?"

"दक्षिणेला. वाऱ्याची एक झुळूक आत येत नाही."

"आणि खिडक्या?"

"एक ठेवलीय वर. पुरे होते. अगं, काचेतून किती ऊब जाते, तुला कल्पना..."

"आत काळोख आहे."

"पण गारठा आहे का, सांग."

"मी काय म्हणतेय आणि तुम्ही काय सांगताय." तिचा आवाज चढला नव्हता, तो उलट खाली खाली जात होता, आणि हेच त्याला भिववत होतं. "कुणाला विचारून केलंत?"

"विचारायचं काय त्यात? चुकीचं होतं ते. रोज बघतो ना मी हेच. तू कुडकुडत होतीस तिथे."

"बाहुली कुडकुडत होती. मी खिडकीत बसले होते."

पडद्यावरचा बर्फ पडत राहिला.

"आईंनी चौदा वर्षं मला फडताळातली बरणी इकडची तिकडे करू दिली नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, जाऊ दे, घर त्यांचं आहे. त्या गेल्या. तेराव्यानंतर मी फडताळ उघडून उभी राहिले, तर हातच उचलेना हो. बरणी कुठे ठेवायची असते, हेच मला सुचेना. या खोऱ्यातल्या घरात मी पहिल्यांदा कुणाला न विचारता भिंत घातली होती. वाकडी तर वाकडी."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"त्याही हेच म्हणायच्या."

तांबडा मफलर पडद्यावरून नाहीसा झाला. पट्टी काठोकाठ भरलेली होती.

रस्ते मोकळे झाले आणि एक्केचाळीस घरांचा तुंबलेला संताप त्याच्यावर कोसळला. कुणी घड्याळ दाखवलं, कुणी दार उघडून न बोलताच पाठ फिरवली. तो खाली मान घालून पाने फिरवत राहिला. संध्याकाळी खोलीवर येऊन तो खोऱ्यात उतरे आणि तिचं घर परत होतं तसं करायला बसे. दार उत्तरेला नेणं सोपं होतं. छत उचलणंही. खिडक्यांपाशी तो अडला.

किती होत्या? पूर्वेला एक का दोन? नदीकडची केवढी होती, कुठल्या उंचीवर? कुठल्या गल्लीतल्या कुठल्या तळघरात कुठला स्क्रू झिजलाय, हे तो झोपेतून उठून सांगू शकला असता. त्या घरात मात्र तो दोन महिने बायकोशेजारी बसला होता आणि सगळा वेळ त्याची नजर पट्टीवर होती. बाहेर त्याने पाहिलंच नव्हतं.

"वहिनींना विचारा की," चहाचा कप पुढे सरकवत ड्रायव्हर म्हणाला.

"विचारलं तर तिला कळेल, मला माहीत नाही ते."

"दादा," ड्रायव्हर म्हणाला आणि या खेपेला तो हसला नाही, "ते त्यांना कधीच कळलंय."

तरी त्याने विचारलं नाही. अंदाजाने पाच खिडक्या बसवल्या. रात्री त्यातली एक काढली आणि सकाळी पुन्हा लावली.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. ठरलेल्या वेळेच्या आधी अर्धा तास तो खोऱ्यात जाऊन उभा होता. ती आली, घरासमोर थांबली.

"चार होत्या," ती म्हणाली. रागाने नाही, उतारा वाचताना चुकणाऱ्याला कुणी बरोबर शब्द सांगावा, तसं.

"जास्तीची कुठली? काढतो लगेच."

"असू द्या."

तिने दाराला हात लावला नाही. वळली आणि गोठलेल्या नदीवरून पलीकडे चालू लागली. तो मागे मागे गेला. नदीपार कधी कुणी पाऊल टाकलं नव्हतं. तिने एक झाड निवडलं आणि तोडायला सुरुवात केली.

"अहो," घाव घालता घालता ती म्हणाली, "कागद मी पाठवत नाहीये."

"उद्या पाठवलेस तरी..."

"उद्याही नाही."

"मुदत संपेल. मग पुन्हा कित्येक वर्षं..."

"ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंयत."

त्याच्या तोंडात कितीतरी वाक्यं गोळा झाली: सात वर्षांची, रांगांची, दर हिवाळ्यात दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याची. त्यातलं एकही तिच्यावर फेकण्याजोगं नव्हतं, आणि याचीच त्याला चीड आली.

"थंडीला भ्यायलीस का?" अखेर त्याने विचारलं.

"थंडीला कशाला भिऊ?"

मग कशाला, हे त्याने विचारलं नाही. ओंडका कडकडून आडवा झाला, त्याच्याभोवती खोटा बर्फ उडाला आणि खाली बसला.

"तुम्हाला जायचं असेल तर जा," ती म्हणाली. "थांबायचं असेल तर थांबा. मला बोलायला बरं वाटेल. फक्त मदत नको."

"थांबतो."

"त्या हेडक्लार्कचं नवीन ऐकलंत का? परवा काय झालं..."

ती सांगू लागली. सांगता सांगता तिने पहिली भिंत उभी केली. भिंत डावीकडे झुकली होती, आणि खालच्या फळीत चांगली हातभर फट राहिली होती, तिथून वारा सरळ आत येणार होता. त्याचा अंगठा आपोआप बटणाकडे गेला. त्याने तो मागे घेतला. दुसरी भिंत पहिलीला धड भिडली नाही. त्याचा अंगठा पुन्हा हलला. तेव्हा त्याने कंट्रोलर समोरच्या टेबलावर पालथा ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले आणि "हं, मग?" म्हणत तो ऐकत बसला.