आधी दिमिष्क, मग सोर

जगाचा शेवट कसा होणार हे माझ्या नवऱ्याला तोंडपाठ आहे. कोण कोणावर चालून जाणार, कुठलं शहर आधी बेचिराख होणार, कुठलं मागून, सगळं. चष्मा कपाळावर चढवलाय हे मात्र त्याला मी सांगावं लागतं. इतकी वर्षं मी यावर हसून वेळ मारून नेली. आता माझं हसू संपलंय, आणि जे झालं ते मी सांगणार आहे, कुणाला बरं वाटो न वाटो.

वेल्डनचा जन्म गेला बोअर खणण्यात. ओक्लाहोमातल्या आमच्या भागात निम्म्या शेतांना त्याने काढलेलं पाणी आहे. माणूस हाडाचा प्रामाणिक. बोअर कोरडी गेली तर गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून सांगायचा, जागा मी दाखवली होती, मी चुकलो, आणि दुसरीकडे फुकट खणून द्यायचा. खोटारडा असता तर मी हे कधीच सोडून दिलं असतं. तोच हा माणूस आहे, म्हणून माझं रक्त जास्त उकळतं.

बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण असतं. बीन्स, मक्याचा पाव, शेवटी केळ्याचं पुडिंग. मग प्रार्थनेच्या विनंत्या होतात, कुणाचा गुडघा, कुणाचा नातू, आणि मग वेल्डनचा भाकितांचा वर्ग. संडे स्कूलच्या पोरांना नोहाची गोष्ट सांगायला कापडी फळा असतो ना, ज्यावर कापडाचे तुकडे चिकटतात आणि निघतात, तसलाच भिंतभर फळा त्याने करून घेतलाय. मधोमध इस्राएल, भोवती शेजारची राष्ट्रं, शास्त्रातल्या नावांनी. अदोम, मवाब, अम्मोन, गबाल, सोर. आजचं म्हणाल तर जॉर्डन, लेबनॉन, सीरिया. बायबलातल्या त्र्याऐंशीव्या स्तोत्रात हे सगळे शेजारी एकी करून उठतात, आणि वेल्डनच्या हिशोबाने ते युद्ध अजून व्हायचंय. कुठलं शहर कितव्या नंबरावर पडणार त्याचे आकडे, आणि पडलं की लावायला लाल कापडाच्या ज्वाळा. ज्वाळा आधीच कापून डब्यात भरून ठेवलेल्या.

मग आमच्या मुलाने, डेलने, हनानशी लग्न केलं आणि त्या फळ्यावर आमची सोयरीक झाली.

हनान लेबनॉनची. सोर शहराच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं गाव. इथे आमच्या गावच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिची आई, म्हणजे माझी विहीण वदाद, नातवाच्या जन्माला येऊन तीन महिने राहून गेली होती. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. तरी दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या फ्रिजमधली लिंबाच्या रसाची बाटली मोरीत ओतली आणि खरी लिंबं आणायला मला दुकानात पिटाळलं. असं माझ्या स्वयंपाकघरात कुणी केलेलं मी खपवून घेत नाही. तिचं खपवून घेतलं. पाळणा हलवत दोघी बसायचो, ती तिचं बोलायची, मी माझं, आणि आमचं झकास चालायचं.

वेल्डनला मात्र तिच्या आत्म्याची काळजी. एकदा जेवताना त्याने हनानला सांगून विचारलं की तुझ्या आईचं तारण झालंय का. वदादने भाकरीचा घास खाली ठेवला. हनान हसू दाबत म्हणाली, "आई म्हणते, प्रभू येशू स्वतः आमच्या भागात येऊन गेलाय. तुमच्याकडे कधी आला होता, विचार." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. वेल्डन नाही हसला.

आता मुद्द्याचं सांगते. त्या उन्हाळ्यात तिकडे इस्राएलच्या सीमेवर तोफा चालूच होत्या. सप्टेंबरात हनान कामावरून थेट आमच्याकडे आली, पोराला माझ्या मांडीवर दिलं आणि टेबलाशी बसली. आईचा व्हिसा अजून चालू होता. विमानं सुटत होती. पण आई म्हणत होती, जैतून, म्हणजे ऑलिव्ह, काढल्याशिवाय मी हलत नाही, वर्षाचं तेल आहे. हनानला कळत नव्हतं. जबरदस्ती केली तर ती आली असती, पण मग जन्मभर बोलून दाखवलं असतं.

मी म्हटलं, कर जबरदस्ती. बोलून दाखवू दे. मागची खोली रिकामी आहे, चादरी मी आजच बदलते.

वेल्डनने बायबल आणलं. त्याचा तो संथ, गोड आवाज, ज्याने बुधवारी म्हाताऱ्या बायका माना डोलावतात, तो त्याने लावला. यशयाचा सतरावा अध्याय काढला. दिमिष्काचा, म्हणजे सीरियातल्या दमास्कसचा, नाश होणार, ते शहर म्हणून उरणार नाही. ते आधी. शेजाऱ्यांचं युद्ध त्याच्यानंतर. दिमिष्क तर अजून जागच्या जागी आहे, तिथे लोक सकाळी कामावर जातायत.

"पोरी, दिमिष्क पडल्याशिवाय सोरला धक्का लागत नाही," तो म्हणाला. "हे मी म्हणत नाही, वचन म्हणतं. तुझ्या आईला निवांत जैतून काढू दे. दिमिष्क पडलं की तिकीट मी स्वतः काढीन."

मी म्हटलं, वेल्डन, तोफा काय तुझा फळा बघून उडतात का. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भर उपासनेत शिंकले. म्हणाला, ओलिटा, विश्वास ठेव.

लोक मला आता विचारतात की एवढी शिकलेली मुलगी, तिने ऐकलंच कसं. मला या प्रश्नाचा संताप येतो. ती घाबरलेली होती. कित्येक रात्री झोपली नव्हती. आईचं मन मोडायचं नव्हतं तिला, आणि समोर सासरा बसला होता, ज्याने तिला पहिल्या दिवसापासून मुलगी म्हटलं, तिच्या गाडीचं तेल स्वतः बदललं. त्याने छातीठोकपणे सांगितलं, घाई नको. तिने तेवढं घेतलं आणि आईला फोन केला, बरं, जैतून काढ, मग ये. वदाद खूश झाली. माझ्यासाठी तेलाचा डबा वेगळा काढते म्हणाली.

दिमिष्क पडलं नाही. बॉम्ब वदादच्या आळीवर पडला. जैतून अंगणात पसरलेले होते, असं तिच्या भावाने, नासीफमामाने, फोनवर सांगितलं. घर राहिलं नाही, वदाद राहिली नाही. गावाकडचा रस्ता बंद, म्हणून तिला दुसऱ्याच गावच्या चर्चच्या आवारात पुरलं. हनानने ते माझ्या स्वयंपाकघरात फोनच्या काचेवर पाहिलं. डेल नॉर्थ डकोटात पाइपलाइनच्या कामावर, तो निघाला होता पण पोहोचला नव्हता. मी तिला धरून बसले. वेल्डन पलीकडे उभा होता आणि रडत होता. खरं रडत होता, ते मी नाकारत नाही. मला वाटलं, आता हा बोलेल. दोनच तर शब्द होते. गिऱ्हाइकाच्या दारात हजारदा बोललेले.

तो बोलला नाही. बायबल आणि लाल पेन्सिल घेऊन आतल्या खोलीत गेला आणि आठवडाभर जेवणापुरता बाहेर आला. मी ताट नेऊन द्यायची. मला वाटायचं, माणसाला दुःख झालंय, घुसमटतोय, एकटा राहू दे. असा राग येतो मला त्या ताटांचा आता.

पुढच्या बुधवारी हनान म्हणाली, मला यायचंय. नासीफमामा अजून तिकडेच होता, वदादच्या घरापासून दोन डोंगर पुढे. निघावं की राहावं हे त्याचं ठरत नव्हतं, रस्त्यावरही बॉम्ब पडत होते. सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी एवढंच तिला हवं होतं. डेल तोवर पोहोचला होता, पोराला मी त्याच्याजवळ ठेवलं आणि तिला घेऊन गेले.

आमच्या मंडळीतली माणसं वाईट नाहीत. आठवडाभर त्यांनी आमच्या घरी चूल पेटू दिली नाही. नेडा प्रुइटने चिकन-नूडल्सचा एवढा मोठा ट्रे आणला होता. त्या संध्याकाळी पाळक रँडलने वदादसाठी प्रार्थना केली, नाव नीट उच्चारलं, बायकांनी हनानच्या पाठीवरून हात फिरवले. मामाचं तिने अजून सांगितलं नव्हतं. मग वेल्डन उठला आणि त्याने फळ्यावरचं कापड बाजूला केलं.

सोरवर लाल ज्वाळा. खाली आकडा एक. दिमिष्क सरकवून दोनवर ठेवलेलं.

त्याचा आवाज थरथरत होता, पण दुःखाने नाही. तो म्हणाला, मी इतकी वर्षं क्रम उलटा शिकवत होतो. या आठवड्यात प्रभूने मला अधिक प्रकाश दिला. सोर आधी, दिमिष्क मग. आता सगळं जुळतं. भाकीत आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण व्हायला लागलंय, बंधूंनो, आपण ती पिढी आहोत. माना वर करा आणि आनंद करा.

"आमेन," नेडा म्हणाली. तिच्या मागून आणखी दोघे-चौघे म्हणाले, आमेन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. या हॉलमध्ये मी इतकी वर्षं वाढते, भांडी घासते, पण वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं.

"नेडा," मी म्हटलं, "इकडे हनानकडे बघून म्हण बरं परत."

नेडाने मान खाली घातली. पाळक रँडल बायबलाची पानं चाळू लागला.

"ओलिटा, खाली बस," वेल्डन हळू म्हणाला. "हे माझं नाही, वचनाचं आहे."

"वचनाने तिला थांब म्हणून सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. माझ्या टेबलावर, माझी कॉफी पिता पिता. ती ज्वाळा जिथे चिकटवलीस ना, तिथे माझी विहीण जैतून निवडत होती. तुला प्रकाश मिळाला म्हणे. कोरडी बोअर निघाली तर तू अनोळखी माणसाची माफी मागतोस, वेल्डन. हिची माग."

तो उभाच राहिला. ओठ हलले. मी देवाशपथ सांगते, मी त्या क्षणीसुद्धा त्याच्या बाजूने होते, मनातल्या मनात त्याला ढकलत होते, म्हण, म्हणून टाक, मी आयुष्यभर पुन्हा हा विषय काढणार नाही.

तो म्हणाला, "क्रम चुकला होता, ओलिटा. वचन नाही चुकलं."

तेवढ्यात हनान उठली. ती रडत नव्हती. तिने भांडणाचा सूरही लावला नाही. फार्मसीच्या खिडकीत ती म्हाताऱ्यांशी बोलते तसं, सावकाश, स्पष्ट बोलली. म्हणाली, माझा मामा अजून तिकडे आहे. आज दुपारीच त्याचा फोन आला होता. तो मला विचारतोय की निघू की राहू.

"तुम्ही सांगा, पप्पा," ती म्हणाली. "त्याला मी काय सांगू?"

मला वाटलं, आता तरी याला कळेल. दगडालाही कळेल.

वेल्डनने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वळला आणि फळ्याजवळ गेला. सोरच्या वर बोट ठेवून त्याने विचारलं, "मामाचं गाव नदीच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

हनान त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मी तिचा कोट उचलला, तिच्या पर्समधून फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

"मामाला उठव," मी म्हटलं. "सांग, आत्ता निघ."