पायातली चामखीळ, मातीतला खडा

जावयाला काही रीतभात आहे की नाही, हा सासूचा, घरातल्या थोरलीचा सवाल होता. भर सकाळी, रांजण न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यासमोर, त्याने मातीच्या खड्ड्याच्या कडेला रबरी चपलांचा नवा जोड आणून ठेवला आणि म्हणाला, "आई, या घाला आणि स्टुलावर बसा. आजपासून माती मी तुडवतो."

थोरलीने चपलांकडे एकदा बघितलं. तिने असं बघितलं की पुढे काय येतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चाकावर बसलेल्या तिच्या मुलीने हात उचलला आणि चाक रिकामंच फिरू दिलं. टेम्पोवाला उगाच आपल्या दोऱ्या तपासायला लागला.

"सासूला चपला," थोरली शेवटी म्हणाली. "आणि तुम्ही कोण, जावईबापू? डॉक्टर?"

"डॉक्टरच म्हणाल्यात. ओल्या जागेतून पसरतं ते पायाचं. तुमची बादली वेगळी केलीय, पाय पुसायचं फडकं वेगळं केलंय. पाय धुवायच्या दगडावर फिनेल टाकलंय."

"मग माझं ताटही वेगळं करा की."

"ताटातून नाही पसरत, आई," जावई अगदी सरळपणे म्हणाला.

हीच तर त्याची खोड. टोमणा मारावा तर तो त्याला लागतच नसे. भिंतीवर चिखल फेकावा तसा खाली गळून पडे आणि मारणाऱ्याचेच हात भरत. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद पडल्यावर तो बायकोच्या माहेरी राहायला आला होता. थोरली त्याला आल्यागेल्यासमोर 'आमचे पंक्चरवाले' म्हणायची. त्याचंही त्याला काही वाटत नसे. तो म्हणायचा, "हो, चांगलं चालायचं दुकान."

आता ही माती तुडवायची म्हणजे काय, ते सांगायला हवं. या घरात माणूस आत उभं राहील एवढे रांजण होत. एवढ्या मोठ्या भांड्याच्या मातीत राईएवढा चुनखडीचा खडा राहिला तरी भागत नाही. भट्टीतून रांजण धड निघतो, लोक कौतुक करतात, आणि काही दिवसांनी आतला चुना हवेतली ओल पिऊन फुगतो आणि रांजणाच्या पोटाचा टवका उडवतो. माती चाळली तरी असा एखादा चुकार खडा राहतोच. तो हाताला लागत नाही. तो लागतो तळपायाला. म्हणून माती अनवाणी तुडवायची, छताच्या दोराला धरून, कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल, टाचेने दाबत. आणि तुडवणाऱ्याच्या तोंडून 'झालं' हा शब्द आल्याशिवाय कुणी मुठीएवढीही माती उचलायची नाही. घरात भांडण असो, पाहुणे असोत, भट्टी तापून बसलेली असो, 'झालं' आलं नाही तर सगळं थांबलेलं. पूर्वी हा शब्द थोरलीची सासू म्हणायची. तिच्यानंतर थोरली. तिने तो कधी उधळला नाही. लग्नात होकार देतानाही तिने एवढा विचार केला नव्हता.

आणि तिच्याच तळपायाला चामखीळ झाली.

आधी ती कुरूप समजून बसली. ब्लेडने कापलं, रक्त आलं, कापड बांधून पुन्हा मातीत उतरली. ते परत आलं. मग कुणी सांगितलं म्हणून लसूण ठेचून बांधला, व्हिनेगरचा बोळा बांधला, चिकटपट्टी लावून ठेवली. कातडी पांढरी पडून सोलून निघाली, आणि खालून ती होती तशी वर आली, जणू घाम पुसून. शिवाय थोरलीने तळवे घासायची एकच वज्री दोन्ही पायांना घासली. तळपाय मऊ नसेल तर खडा लागत नाही, म्हणून ती रोज घासायचीच. चामखीळ वज्रीवर बसून दुसऱ्या पायाला गेली आणि तिथे तिने बिऱ्हाड केलं. मोठीच्या भोवती बारक्या, बारक्यांच्या भोवती आणखी बारक्या.

मग मुलीने तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आम्ल लावलं, गार वाफेने गोठवून काढलं, सुईएवढ्या विजेने जाळलं. प्रत्येक वेळी थोरली दात दाबून बसे आणि प्रत्येक वेळी खपली पडली की खालून ती हजर. एकदा डॉक्टरीणबाईंनी भिंग तिच्या हातात दिलं. खाली आरसा धरला.

"हे काळे ठिपके दिसतात का? या रक्तवाहिन्या आहेत. तुमच्याच. तिने आपल्याकडे वळवून घेतल्यात."

"चोरून नळ जोडलाय म्हणा."

"तसंच. विषाणू आहे हा. कातडीच्या अगदी वरच्या थरात लपून राहतो, त्यामुळे शरीराला पत्ता लागत नाही की घरात कुणी शिरलंय."

"मग लागणार कधी?"

"ते सांगता येत नाही. कुणाला महिन्यांत, कुणाला वर्षांनी. एक दिवस शरीर जागं होतं आणि सगळ्या जातात, काहीही न लावता. कधीकधी तर एकदमच. असं एकाएकी का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

शिकल्यासवरलेल्या माणसाच्या तोंडून 'कळलेलं नाही' हे थोरलीने पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या बाईवर तिचा विश्वास बसला. पण त्याहून जास्त ती त्या भिंगात अडकली. तिथे एक गाव वसलं होतं. वाटोळं, घट्ट, काळ्या ठिपक्यांची विहिरींसारखी रांग, आणि सगळ्या विहिरींना पाणी तिच्या अंगातलं. उभ्या जन्मात तिच्यापुढे कुणी टिकलं नव्हतं. व्यापारी नाही, दीर नाही, नवराही बिचारा नाही. आणि ही मसुराएवढी वस्तू, तिला आग लावली, बर्फ लावला, आम्ल पाजलं, तरी आपल्या जागेवर. थोरली घरी आल्यावरही दारात बसून पाय मांडीवर घेई आणि बघत राही. तिला राग यायला हवा होता. यायचा तो राग नव्हता. देवळात मान आपोआप खाली जाते, तसं काहीतरी व्हायचं.

मातीत मात्र तिचे हाल होऊ लागले. पाऊल टेकलं की टोचे. खडा म्हणून वाकून चिखल चिवडावा तर काही नाही, आपलीच चामखीळ. असं इतक्यांदा झालं की ती वाकायचीच थांबली. टोचलं की म्हणायची, ही बया आहे, आणि पुढे जायची. अशीच एकदा पुढे गेली आणि 'झालं' म्हणाली. तो रांजण भट्टीतून सोन्यासारखा निघाला. अंगणात ठेवला. मग एका दुपारी फट्कन आवाज आला. थोरली जाऊन बघते तो रांजणाच्या पोटाला वाटीएवढा खळगा आणि त्याच्या मधोमध पांढरा ठिपका.

तिला तो ठिपका आठवला. म्हणजे तळपायाला आठवला. तो लागला होता आणि तिने तो आपला समजला होता.

मुलगी बाजारात गेली होती. अंगणात होता फक्त जावई. त्याने खाली पडलेला टवका उचलला, उलटा करून बघितला, सासूकडे बघितलं, आणि रांजण गडगडत मागच्या ढिगाऱ्यात नेऊन टाकला. मुलीने विचारलं तर म्हणाला, "माझा धक्का लागला." दुसऱ्या सकाळी त्या चपला आणल्या.

म्हणून थोरलीला जास्त झोंबलं. तिच्या पायाची पारख गेली हे त्याला माहीत होतं, आणि तो फिनेलचं कारण सांगत होता. कुणी आपल्याला सांभाळून घेतंय याच्याइतकं लाजिरवाणं तिला दुसरं काही नव्हतं.

ती स्टुलावर बसली. पण 'झालं' म्हणायचा हक्क तिने सोडला नाही. जावई तुडवायचा, ती बसल्या जागेवरून मातीची चमक बघून, हाताने चिमूटभर माती दाबून शब्द द्यायची. शब्द देण्याआधी ती चिमूट पुन्हा एकदा चुरून बघायची, कारण हाताला काही कळत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"अहो, म्हैस चालतेय का माणूस?" ती बसून म्हणायची. "टाच फिरवा. टाच."

"फिरवतोय, आई."

"काय फिरवताय, पायडल मारल्यासारखं. आणि मध्येच बगळ्यासारखे एका पायावर काय उभे राहता?"

तो तसा उभा राहायचा खरा. पाय उचलायचा, तिरका फिरवायचा, परत तिथेच ठेवायचा. मग कधी वाकायचा, कधी नुसताच पुढे जायचा. थोरलीच्या मते हे सगळं नाटक होतं. वेळ काढायचा आणि काम केल्याचं दाखवायचं.

मोठ्या रांजणांची माती आली तेव्हा तिने ठरवलं की याचा काय तो सोक्षमोक्ष लावायचा. कुंपणाच्या भिंतीतून चुनखडीचा एक कण नखाने खरवडून काढला, आणि जावई पाणी आणायला गेला तसा चिखलात दाबून दिला. याला तो लागणार नाही. मग ती म्हणेल, बघा, हा असा तुडवतो, आणि उद्यापासून पुन्हा ती उतरेल, चामखीळ असो नाहीतर काही असो.

पण कण हातातून सुटला तशी तिने बोटं परत चिखलात घातली. तो परत सापडेल कसा? त्याला नाही लागला तर? ती सांगेल काय, की मी टाकला? आणि नाही सांगितलं तर मुलीचे हात त्या मातीला लागतील, भट्टी लागेल, आणि मग अंगणात फट्कन आवाज.

जावई आला, दोर धरला, उतरला. कडेने फिरला.  थोरलीचे डोळे त्याच्या पावलांवर. तो गोल गोल आत येत गेला, आणि कण टाकला होता त्याच्या अलीकडेच एका जागी थांबला. पाय उचलला. तिरका केला. ठेवला. वाकून चिखलातून काहीतरी काढलं, खड्ड्याच्या काठावर ठेवलं आणि पुढे चालला. थोरलीने वाकून बघितलं. राईहून बारीक, करड्या रंगाचा खडा. हा तिचा नव्हता. हा मातीबरोबरच आला होता, चाळणीला चकवून, आणि तो आहे हे जगात कुणाला माहीत नव्हतं.

मग तो तिच्या जागेवर आला. पुन्हा बगळा. पुन्हा वाकला. या वेळी बोटावर पांढरा कण होता. त्याने तो उजेडात धरला, मग भिंतीकडे बघितलं, मग सासूकडे.

"हा आपल्या मातीतला नाही," तो म्हणाला.

"नसेल."

"वाऱ्याने आला असेल." त्याने तो खिशात टाकला, मध्यापर्यंतचा फेरा पुरा केला आणि पाय पुसायला लागला.

टाकला एक आणि निघाले दोन. तिच्या सासूच्या पायांनाही असं कधी लागल्याचं तिने बघितलं नव्हतं.

"इकडे या," ती म्हणाली. "पाय दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हटलं ना."

त्याने स्टुलाच्या कडेला पाय टेकवला आणि तळवा वर केला. तिथे, बोटांच्या मुळाशी, एक चामखीळ होती. तिच्याएवढीच जुनी दिसत होती. काळे ठिपके नीट रांगेत.

"केव्हापासून?"

"झाले काही महिने. तुमच्याच वज्रीने पाय घासायचो ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दोघांना झालीच आहे, तिसऱ्याला मातीत उतरू देऊ नका."

"आणि त्यात तुम्हाला खडा लागतो?"

"चामखिळीमुळेच लागतो," जावई म्हणाला. "म्हणजे असं बघा. सायकलचं चाक परत परत पंक्चर होतं, तेव्हा काटा टायरमध्ये आहे की ट्यूबच खराब आहे, हे कसं कळणार? ट्यूब जरा फिरवून बसवायची. भोक पुन्हा टायरच्या त्याच जागेसमोर पडलं तर टायरमध्ये काटा. ट्यूबबरोबर सरकलं तर ट्यूब खराब. तसंच हे. टोचलं की पाय उचलायचा, फिरवायचा, टाच त्याच जागेवर येईल असा टेकवायचा. चामखीळ माझ्याबरोबर फिरते, खडा फिरत नाही. आता टाचेला टोचलं तर खडा. बोटांशीच टोचलं तर ती आपली बाई."

त्याने खिशातला पांढरा कण काढला, मातीच्या गोळ्यात खुपसला, गोळा पाटावर थापला आणि पाट तिच्यासमोर सरकवला.

थोरलीने चपला काढल्या. चाकावरून उठून आलेल्या मुलीच्या खांद्याला धरून उजवा पाय मातीवर टेकवला. टोचलं. नेहमीसारखंच टोचलं, आपलं की परकं, काही कळेना. मग तिने पाय उचलला, फिरवला आणि टाच तिथेच येईल असा ठेवला.

एक टोच पायाबरोबर फिरून आली. दुसरी जागची हलली नाही. ती आता टाचेखाली होती, थंड, एकटी, बारीक.

ती तशीच उभी राहिली. इतके दिवस दोन वस्तू एकच होऊन तिच्या पायाखाली होत्या आणि आता त्या सुट्या झाल्या. चामखीळ तिथेच होती, बरी झाली नव्हती, तिला हटवायचं सामर्थ्य अजून कुणाकडे नव्हतं. थोरलीचं शरीर तिला कधी ओळखेल तेव्हा ओळखेल. पण हा पंक्चर काढणारा माणूस त्या चामखिळीला ओळखून बसला होता. तिच्याशी भांडला नव्हता. तिला धरूनच माती वाचत होता. थोरलीने मुलीचा खांदा आणखी घट्ट धरला.

"आई, रडतेस काय?" मुलगी म्हणाली.

"फिनेल झोंबतंय," थोरली म्हणाली. मग ती जावयाकडे वळली. तो तिथेच उभा होता, चिखलाचा पाय दुसऱ्या पायावर घासत. चाकावर माती हवी होती, भट्टी वाट बघत होती, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुम्ही आगाऊ आहात, आणि ते काही जायचं नाही. पण ही माती झाली की नाही, ते तुम्ही सांगायचं. आज, उद्या, पुढेही. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."