बिनगोळीचं गाव

"चार," सोजराबाई म्हणाली, पण पोरीच्या पोटावरचा हात तिनं उचलला नाही.

"चार?" शिवय्याचा टाक थांबला. "मागल्या खेपेला तीन हुते की, अक्का."

"मग वाढली. माझ्या बोटाला खोटं पाडतोस व्हय? लिव्ह चार."

हुलगवाडीच्या चावडीत घोंगडीवर सात वर्षांची सिद्धव्वा गुडघे दुमडून उताणी पडली होती. हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं टम्म. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, चार बोटं उतरली होती आणि हाताला टणक लागत होती. हिवतापानं पानथरी वाढते. गावातल्या किती पोरांची किती वाढली, यावरून ताप त्या गावात किती मुरलाय ते कळतं, असं हैदराबादेहून आलेल्या डॉक्टर वेंकटरावांनी सोजराबाईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

डॉक्टरांच्या राहुट्या श्रावणापासून जनवाड्याच्या शिवारात पडल्या होत्या. पोरांची पोटं ते स्वतः तपासत. पोरींवर मात्र परक्या पुरुषानं हात ठेवायचं म्हटल्यावर आयांनी धडाधड दारं लावून घेतली. तेव्हा कुणीतरी सोजराबाईचं नाव सुचवलं. तीस वर्षं आसपासच्या गावांत बाळंतपणं करणारी बाई. तिला दोन दिवस शिकवायचं ठरलं होतं, ती अर्ध्या दिवसात शिकली. पहिल्या दहा पोरी डॉक्टरांनी आपल्या डॉक्टरीण बायकोला दोन दिवस बोलावून पुन्हा तपासून घेतल्या, तर दहाही आकडे बरोबर. सोजराबाईला तेव्हा मूठभर मांस चढलं होतं. खोटं कशाला बोला.

सिद्धव्वा उठून बसली. तिला झगा घालता घालता तिच्या आईनं, निलम्मानं, हळूच विचारलं, "सोजराक्का, ती कडू गोळी कवा द्यायलेत? दिवसाआड हुडहुडी भरायलीय पोरीला."

"येत्या खेपेला," सोजराबाई म्हणाली. मागच्या दोन्ही खेपांना तिनं हेच सांगितलं होतं.

चार दिवसांनी मोजणी कौठवाडीत होती. हुलगवाडीपासून तीन कोसांवर, तशीच नदीकाठी, तशीच डासांनी भरलेली. पण इथं डबक्यांवर काळं तेल पडत होतं, आणि आठवड्यातून दोनदा सोजराबाई स्वतः पोरांच्या जिभेवर कुनैनची गोळी ठेवून ती गिळेपर्यंत समोर उभी राहत होती. तिनं त्या दिवशी चाळीस पोरी तपासल्या. बहुतेकींची पानथरी बरगडीआड गेलेली. तीन बोटंवालीची एक झाली होती. ज्या पोरी श्रावणात भिंतीला टेकून बसलेल्या होत्या, त्या आता रांगेत एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या.

हात धुताना तिनं शिवय्याला विचारलं, "हुलगवाडीचा गोळ्यांचा डबा कवा फोडायचा रे?"

शिवय्यानं इकडंतिकडं पाहिलं. कारकून असला तरी पोरगा मनानं वाईट नव्हता. "फोडायचाच न्हाई, अक्का. त्या गावाला काईच द्यायचं न्हाई. निस्तं मोजायचं."

"कामून?"

"हितं उतार पडला. पर त्यो गोळीनं पडला का थंडी आली म्हणून पडला, ते कसं कळंल? म्हणून एक गाव तसंच ठिवायचं. दोनी शेजारी मांडून बगायचं."

सोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओले हात लुगड्याला पुसत ती तडक डॉक्टरांच्या राहुटीत शिरली. डॉक्टर गुरांच्या गोठ्यातून धरून आणलेला डास काचेवर ठेवून सुईनं त्याचं पोट सोडवत होते.

"साहेब, हुलगवाडीला गोळी देनार न्हाई तुमी?"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. ते तेलुगू मुलखातले, दखनी मिसळलेली मराठी बोलत. "बाई, जरा समझून घ्या. पुरावा नसला तर सरकार एक गोळी देत नाही. हा कागद हैदराबादला गेला की पुऱ्या जिल्ह्याला दवा येईल. दोनशे गावं वाचतील."

"आन् तवर हुलगवाडीनं मरायचं?"

"संक्रांतीपर्यंतच. मग पहिला डबा त्यांनाच. माझा शब्द."

"निलम्माच्या सिद्धव्वाला तरी द्या. एकलीला."

"एकीला दिली की दुसरी मागेल. सगळी मोजणी खोटी होईल."

"तुमाला लेक हाय न्हवं, साहेब? ठिवता तिला हुलगवाडीत, संक्रांतीपत्तुर?"

डॉक्टरांनी सुई पुन्हा उचलली. मग म्हणाले, "तुम्हीही शब्द द्या, बाई. गावात बोलायचं नाही."

आणि सोजराबाईनं शब्द दिला. हेच तिचं चुकलं. कुणाचं मूल कुणाचं, कुणाला दिवस कधी गेले, अशा सतरा घरच्या गोष्टी तिनं तीस वर्षं पोटात ठेवल्या होत्या. त्याच सवयीनं तिनं हीही ठेवली. दोनशे गावांची गोष्ट तिला पटली, हेही खरं. गोळ्यांचा डबा तिच्याच हातात होता. मूठभर गोळ्या ओच्यात बांधल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. तिनं एकही बांधली नाही. शहाण्या माणसानं शब्द मागितला होता आणि अडाणी बाई तो पाळत बसली.

मार्गशीर्षात ती पुन्हा हुलगवाडीच्या चावडीत घोंगडीशी बसली. शिवय्या नावं पुकारत होता. "सिद्धव्वा, निलम्माची."

कुणी पुढं आलं नाही. बायकांच्या रांगेत चुळबुळ झाली.

"ती न्हाई आता," पाटील खांबाला टेकून म्हणाला. "नऊ दीस झाले. वासरानं लाथ मारली पोटात. सांजपत्तुर खलास."

सोजराबाईचा हात घोंगडीवरच राहिला.

शिवय्यानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "अपघात. त्या रकान्यात लिहा."

"अपघात?" सोजराबाई उठली. "केवढं वासरू, पाटील?"

"असंल पंधरवड्याचं."

"पंधरा दिसांच्या वासराच्या लाथंनं पोर मरती? घरोघरची पोरं लाथा खात्यात आन् रडून गप बसत्यात. तिची पानथरी फुटली, साहेब! चार बोटं मीच मोजली हुती. पोटात पिकून बसली हुती ती, नुसत्या धक्क्याची वाट बघत. हे तुमाला ठावं न्हाई? माझ्यासारख्या अडाणी बाईला ठावं हाय!"

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "ठाऊक आहे. पण मी पोट उघडून पाहिलेलं नाही, बाई. न पाहिलेलं कसं लिहू?"

"डासाची पोटं उघडून बगता की! जित्त्या पोरीचं पोट समोर हुतं तवा काय बगितलं?"

तिचा राग डॉक्टरांवर होता, शिवय्याच्या वहीवर होता आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होता. ती रांगेकडं वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पोटातली गोष्ट बाहेर काढली, आणि ती चावडीबाहेरच्या पारापर्यंत ऐकू गेली.

"बायांनो, कौठवाडीला गोळ्या द्यायलेत. चार महिने झाले. मीच द्यायलेय माझ्या ह्या हातानं. तुमाला देनार न्हाईत. तुमाला निस्तं मोजायलेत. मला ठावं हुतं आन् मी बोलले न्हाई. मला काय शिव्या द्यायच्या त्या मागनं द्या. आदी लेकरं उचला आन् चला कौठवाडीला."

रांगेत पुढं बसलेल्या लिंगम्मानं आपली धाकटी उचलली. तिच्यामागं दुसरी उठली, तिसरी उठली. पाटील ओरडला, त्याच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. डॉक्टर दारापर्यंत आले. "बाई, सगळं काम मोडेल," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. सोजराबाई त्यांच्या अंगावरून पुढं गेली.

नदीच्या वाटेला लागताना तिनं मागं वळून पाहिलं. पंचवीसेक बाया होत्या, आणि सगळ्यात शेवटी निलम्मा, मोकळ्या हातांनी. तिला येण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तिनं सोजराबाईशी नजर मिळवली नाही.

कोसभर चालल्यावर लिंगम्माची थोरली पोर धापा टाकत मटकन खाली बसली. लिंगम्माच्या कडेवर धाकटी होती. निलम्मा पुढं झाली, तिनं त्या पोरीला उचलून कडेवर घेतलं, आणि आपला हात तिच्या डाव्या बरगडीवर दाबला जाऊ नये म्हणून तो खाली मांडीशी धरून ती चालायला लागली.