पहिला चेहरा

ऑर्व्हिल पेकम चाळीस वर्षं हॉलिवुडच्या पडद्यावर दारं उघडत आला. कधी दरवान, कधी पत्ता सांगणारा म्हातारा. दार उघडावं, दोन शब्द बोलावे, बाजूला व्हावं. उंबरठा त्याचा, घर दुसऱ्याचं.

आता फुप्फुसं संपत आली होती. सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात तो नाकात नळी घालून बसे. शेवटचं काम त्याने लेकीच्या सिनेमात केलं होतं. थेया संकलक, कापणं-जोडणं तिच्या हाती. पटकथेत बापाला जेमतेम अर्धं पान: म्हातारा दार उघडतो, गोळी लागते, पडतो. पुढे त्या खुनाचा माग काढणारा पोलीस येतो आणि सिनेमा त्याचा होतो.

पण दिग्दर्शक डॅरेनने म्हाताऱ्याची सकाळही टिपून ठेवली होती आणि थेयाच्याने ती टाकवेना. म्हातारा दोन कप काढतो, थबकतो, एक परत फळीवर ठेवतो. बायको गेली हे कुणी सांगावं लागत नाही. मग खिडकीशी उभा राहून कॉफी पितो, रिकाम्या रस्त्याकडे बघत. चार मिनिटं, शब्द एक नाही. "बाबा, सिनेमा तुझ्या चेहऱ्याने सुरू होतो," तिने फोनवर सांगितलं. त्याने तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

हॉलिवुडजवळ बरबँकच्या एका थिएटरात अनोळखी माणसं गोळा करून कच्चा सिनेमा दाखवला. सुरुवातीला पॉपकॉर्न चावल्याचाही आवाज नव्हता. गोळी सुटली तसा एका बाईला हुंदका फुटला. त्यानंतर मात्र लोक सिनेमातून निघूनच गेले, काही मनाने, काही पायांनी. शेवटी मतं विचारली तेव्हा एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, त्या पोलिसाचं मी काय करू? माझा माणूस तर तुम्ही मारलात.

बाहेर गाड्यांपाशी डॅरेनने सिगारेट पेटवली.

"सुरुवातीला प्रेक्षक ज्याचं बोट धरतो ना, त्याच्याच मागे जातो. तू त्यांना मेलेल्या माणसाचं बोट धरायला लावलंस."

थेया भांडली. दोन मिनिटं ठेवते म्हणाली, मग एक. डॅरेनने सांगितलं, निर्मात्यांनी दुसरा संकलक बघून ठेवलाय.

"तू काप, नाहीतर तो कापेल. त्याला तुझा बाप नुसता एक म्हातारा दिसेल."

डॅरेन खरं बोलत होता, हेच वाईट. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर तिने पहिल्याच दिवशी कात्री लावली असती.

तिने कापलं. नंतरच्या भागातली, पोलिसाच्या आठवणीतली दृश्यं उचलून अगदी सुरुवातीला आणली. आता सिनेमा त्या पोलिसाने सुरू होतो: गाडीत बसून एका घरावर पाळत ठेवतोय, टायवर सॉसचा डाग, मान कलंडते, डोळा लागतो. रस्त्यापलीकडे, दूर, बोटभर उंचीचा कुणी दार उघडतो. गोळीच्या आवाजाने पोलीस दचकून जागा होतो. त्याचं पाप आणि त्याचं काम, दोन्ही एकाच दचक्यात कळतं. म्हाताऱ्याचा चेहरा कुठेच नाही.

सिनेमा लागेपर्यंत बाप टिकणार नव्हता, म्हणून डॅरेनने तो आधी दाखवायची परवानगी काढून दिली. थेया लॅपटॉप घेऊन आश्रमात पोचली तर दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या. ऑर्व्हिलने सगळ्यांना बोलावलं होतं. पहिला चेहरा माझा, असं गावभर सांगितलं होतं. म्हातारी रंगभूषाकार नदीन लिपस्टिक लावून आली होती, आणि पूर्वी सिनेमांत घोड्यांवरून, गच्च्यांवरून पडण्याची कामं करणारा बक पहिल्या रांगेत होता.

थेयाने बापाच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्याने मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"जुनी सुरुवात आहे माझ्याकडे," ती पुटपुटली. "तीच लावते. यांना काय कळणार?"

"मला कळेल ना, पोरी. खरी लाव."

दिवे मालवले. गाडी आली, डाग आला, मान कलंडली. दूरवर बोटभर माणसाने दार उघडलं आणि तो पडला. नदीनने ऑर्व्हिलकडे चोरून पाहिलं. थेयाला वाटलं, निदान आता तो चिडेल, तोंड फिरवेल. तिला ते हवं होतं.

पोलीस धावत रस्ता ओलांडत होता. बक मागे वळला. "पडलास मात्र झकास हं," तो समजुतीने म्हणाला.

ऑर्व्हिल खुर्चीत पुढे सरकला होता, नळी ताणली गेली होती, नजर पोलिसावरून हलत नव्हती.

"गप रे," तो म्हणाला. "त्याचं काय होतंय ते बघू दे."